आपली वही कुणाच्या खिशात?



एप्रिल आला की आपल्या वस्त्यांत एक बॅनर हमखास लागतो. निळा कोट, हातात ग्रंथ, पाठीमागे रिझर्व्ह बँकेची इमारत. बॅनर खोटा नाही. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये छापला गेला. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. एवढं आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण त्या वेळी बाबासाहेबांनी कमिशनला काय ऐकवलं ते किती जणांना ठाऊक आहे? रुपयाचा भाव पाडला की किमती चढतात. मजुरी त्या मानाने चढत नाही. मधल्या फरकात मालकाचा नफा आणि मजुराचा पोटमारा. म्हणजे रुपयाचा एवढा मोठा विचार करताना त्यांच्या नजरेसमोर मजुरी होती.

आज मला त्याच मजुरीबद्दल बोलायचं आहे. ती कुठं जमा होते, कोण लिहितो, आणि लिहिलेलं कुणाच्या खिशात राहतं.

मी भिवंडीत माग चालवतो. बारा तासांची पाळी, मीटरवर पैसे. पंधरवड्याला मुकादम खिशातून चिठोरी काढतो. तागे मोजतो. उचल वजा करतो. कापडात डाग निघाला तर तो वजा करतो. भिशीची, म्हणजे आमच्या खाणावळीची उधारी वजा करतो. उरलेल्या नोटा हातावर ठेवतो. आणि ती चिठोरी परत स्वतःच्या खिशात घालतो.

नोटा माझ्याकडे, हिशेब त्याच्याकडे. भिवंडीचं सगळं राजकारण या एका हालचालीत आहे. शांतीनगर, नारपोली, पद्मानगर, गैबीनगर, कामतघर, कुठंही जा. मागाचा खडखडाट तोच, चिठोरी तीच, खिसा तोच.

आपल्याला हे नवीन आहे का? गावात आपल्या आज्या-पणज्याला काय मिळायचं? बलुतं. सुगीला खळ्यावर पसरलेला पदर, त्यात पडेल ते धान्य. मेलेलं ढोर ओढलं, दवंडी दिली, सरकारी टपाल पोचवलं, सरपणाची लाकडं फोडली. माप कुणी लिहून ठेवलं? कुणीच नाही. देणाऱ्याच्या मर्जीला येईल ते माप. जास्त मागितलं तर माजला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या. शेतकऱ्याला नेमकं कळलं होतं की सावकाराची ताकद त्याच्या लाठीत नाही, वहीत आहे. पण त्या शेतकऱ्याचं निदान कर्ज तरी वहीत होतं. आपल्या माणसाचं कष्टाचं माप कुठल्याच वहीत नव्हतं. महारवतन १९५८ च्या कायद्याने गेलं. आपण म्हणालो सुटलो. एसटीत बसलो, कल्याणला उतरलो, भिवंडीत आलो आणि पुन्हा तेच हातात घेतलं.

न लिहिलेली रोख मजुरी म्हणजे शहरातलं बलुतं आहे. धान्याच्या जागी नोटा आल्या एवढाच फरक. जी मजुरी लिहिली जात नाही ती मागता येत नाही.

कुणी म्हणेल, लेका, पोटाला पैसे मिळाल्याशी कारण, कागद काय चाटायचाय? मग ऐक. पट्ट्यात बोट गेलं. नुकसानभरपाई मागायला गेलास. पहिला प्रश्न काय? तू या कारखान्यात कामाला होतास याचा पुरावा काय? फंड नाही, ईएसआय नाही, हजेरीपट नाही. एकाच छपराखालचे माग चार नातेवाइकांच्या नावावर दाखवायचे आणि कारखाना कायद्यातूनच बाहेर पडायचं, ही इथली जुनी युक्ती. शेठ हात वर करून म्हणतो, हा माणूस मी पाहिलाच नाही. दहा वर्षं ज्याचं कापड विणलं त्याने पाहिलाच नाही! आणि त्याचं खोटं पाडायला तुझ्याकडे काय आहे? तुटलेलं बोट. बोटावर शेठची सही नसते.

२०२० चा मार्च आठवा. सगळे माग एका रात्रीत गप्प झाले. भिवंडीत एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्याने आदेश काढला की बंदच्या काळातली मजुरीही मालकाने कापू नये, पुरी द्यावी. १८ मेपासून तो आदेश मागे गेला. म्हणजे दीड महिना का होईना, कायदा मजुराच्या बाजूला उभा होता. पण मजूर कायद्यापुढे कसा उभा राहणार? मजुरी किती होती, कुठून येत होती, हे दाखवायला आपल्याजवळ कागदाचा कपटा नव्हता. माणसं नाशिक हायवेने पायी निघाली. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. त्याच दिवसांत जनधन खातं असलेल्या बायांच्या खात्यावर एप्रिल, मे, जून असे तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले. पाचशे रुपये म्हणजे थट्टा, मला मान्य आहे. पण ती थट्टासुद्धा ज्यांचं नाव वहीत होतं त्यांच्याशीच केली गेली. बाकीच्यांची कुणी थट्टाही केली नाही.

म्हणून मी म्हणतो, खातं म्हणजे क्रांती नव्हे. खातं म्हणजे साक्षीदार. दर पंधरवड्याला अमक्या मालकाकडून तमकी रक्कम आली, ही ओळ पासबुकात छापली जाते. मुकादम खोटं बोलेल, शेठ विसरेल, जॉबर फितूर होईल. ती ओळ होत नाही.

आता आपल्यातल्याच काही विद्वानांकडे वळतो. त्यांचा आक्षेप मोठा रुबाबदार असतो. बँक ही भांडवलदारांची, आपण तिथं रांग लावायची म्हणजे व्यवस्थेला शरण जायचं. क्रांती करायची की पासबुकं छापत बसायची? भाऊ, हे तू बोलतोस तेव्हा तुझा स्वतःचा पगार महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडलेला असतो. तुझ्या बापाची पेन्शन बँकेत येते. कर्मचाऱ्याने बँकेवर बहिष्काराची भाषा करायची आणि ती मागवाल्याने पाळायची, हा कुठला न्याय? बँका कुणाला कर्ज देतात, कुणाची कोट्यवधींची कर्जं पुसतात, ते मलाही कळतं. पण १९ जुलै १९६९ ला चौदा आणि १५ एप्रिल १९८० ला आणखी सहा बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्या गरिबाच्या नावाने घेतल्या. ज्याच्या नावाने घेतल्या त्याने दारात जायचं नाही, तर मग कुणी जायचं? १९२७ साली आपली माणसं महाडच्या तळ्यावर गेली ती घसा कोरडा पडला म्हणून नव्हे. सार्वजनिक आहे ते आमचंही आहे, हे सांगायला गेली. बँकेचं काउंटर हेही सार्वजनिक पाणवठ्यासारखंच आहे. तिथं आपली ओंजळ पोचलीच पाहिजे.

आणि ती सहज पोचत नाही, हेही सांगतो. इथल्या एका नाक्यावरच्या बँकेत मी पाळी संपवून गेलो. अंगावर सूत चिकटलेलं. शाखेचं नाव लिहीत नाही, कारण ती एकटी तशी नाही. दारावरचा शिपाई म्हणाला, "लूमवालों का खाता यहाँ नहीं खुलता, दूसरी ब्रँच में जाओ." आत गेलो तर बाईंनी मान वर न करता विचारलं, भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट आहे का? शेठचं पत्र आहे का? पाच हजार भरता का? मी म्हणालो, बाई, नाही म्हणायचं असेल तर कारण कागदावर लिहून द्या, खाली सही करा. तेव्हा कुठं मान वर झाली. तेव्हा कुठं खुर्ची मिळाली. फॉर्म आला. तोंडी नकार द्यायला सगळे शूर असतात. लेखी मागितला की हात थरथरतो. ही गोष्ट जन्मभर ध्यानात ठेवा, बँकेतच नव्हे, तहसीलदाराकडेही.

तर आता नीट ऐका. हे नियम पांढरपेशांच्या पोरांना घरात कळतात. आपल्याला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

खातं उघडायला शेठचं पत्र लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉबकार्ड, यांपैकी एक कागद पुरतो. पॅन नसेल तर तसं लिहून देण्याचा फॉर्म बँकेतच मिळतो. आधारवर गावचा पत्ता आहे, लातूरचा, नांदेडचा, की पार आझमगडचा, म्हणून खातं अडत नाही. हल्ली कुठं राहतो ते स्वतः लिहून सही करून द्यायचं. घरमालक अ‍ॅग्रीमेंट करून देत नाही हे आख्ख्या भिवंडीला माहीत आहे. बँकेला माहीत नाही असं ढोंग चालू देऊ नका. निव्वळ बँक खात्यासाठी आधारची सक्ती करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. मात्र सरकारी अनुदान किंवा शिष्यवृत्ती त्या खात्यात घ्यायची असेल तर आधार जोडावं लागतं.

आणि ज्याच्याकडे यातला एकही कागद नाही? त्याचंही खातं निघतं. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा करायचा. त्याला छोटं खातं म्हणतात. वर्षात एक लाखापर्यंत जमा, महिन्यात दहा हजारांपर्यंत काढता येतात, शिल्लक पन्नास हजारांवर जाता कामा नये. मुदत एक वर्षाची. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी एक वर्ष. तोवर कागद काढून घ्यायचे. अंगठेबहाद्दराला बँकेत जागा नाही असं कुणी सांगितलं तर त्याला हे ऐकवा.

आता बँक निवडायची कशी? काचेचं दार, गार हवा आणि इंग्रजी बोलणारी पोरगी बघून नव्हे.

पहिलं माप, दंड. ज्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते ते खातं आपलं नाही. हातातोंडाशी गाठ असलेला माणूस महिनाअखेर शून्यावर येतो. शून्यावर आला म्हणून त्याच्याकडूनच दंड घ्यायचा, ही कुठली रीत? ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरातल्या नव्या खातेदारांसाठी महिन्याची सरासरी शिल्लक पन्नास हजार रुपये ठरवली. ओरड झाल्यावर काही दिवसांत पंधरा हजारांवर आणली. पंधरा हजारसुद्धा आपल्या कितीतरी घरांची महिन्याची मिळकत नाही. उलट स्टेट बँकेने बचत खात्यावरचा हा दंड २०२० साली बंद केला आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तेच केलं. पण दंडातून सुटायचा सरळ रस्ता वेगळाच आहे. कुठल्याही बँकेत जाऊन म्हणायचं, मला बेसिक सेव्हिंग खातं पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली हे खातं सगळ्या बँकांना बंधनकारक केलं. शून्य शिल्लक चालते. एटीएम कार्ड फुकट. महिन्यात किमान चार वेळा पैसे काढायला आकार नाही. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेलं जनधन खातं हेही याच जातीचं. एकच अट, त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. बँकवाले या खात्याचं नाव आपण होऊन घेत नाहीत. त्यात त्यांना सुटत नाही. नाव आपण घ्यायचं.

दुसरं माप, बुडाली तर काय? बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो एकच लाख होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. लोकांचा घाम आत अडकला. तरीही ती बँक होती, तिला विमा होता. पण नाक्यानाक्यावर ज्या पतपेढ्या आहेत त्या बँका नव्हेत. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. तिचा माणूस रोज संध्याकाळी खोलीवर येतो, वीस-तीस रुपये घेतो, गोड बोलतो, म्हणून आपल्या बाया तिथं पैसे टाकतात. बँकेच्या दारात शिपाई अडवतो आणि पतपेढीचा माणूस चहा पितो, यात दोष बायांचा नाही. पण पैसे बायांचे जातील. दारावर बँक म्हणून लिहिलंय का, आणि ठेव विम्याखाली आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय दमडी द्यायची नाही. पोस्टाचं बचत खातंही धरा. पाचशे रुपयांत निघतं, मागे सरकार उभं असतं.

तिसरं माप, पायाखालचं अंतर. पाळी सुटल्यावर चालत जाता येईल, पासबुक छापून देईल, अशी शाखा. फोनवर दिसतं म्हणून पासबुक कशाला, असं म्हणतात. फोन हरवतो, विकला जातो. छापलेली ओळ लेबर ऑफिसच्या टेबलावर ठेवता येते. दोन वर्षं काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. ते मागता येतात, पण मागायला आधी मागे कुणाला तरी माहीत पाहिजे. म्हणून नॉमिनीचं नाव पहिल्याच दिवशी लिहा. बायकोचं लिहा, आईचं लिहा.

बायांवरून आठवलं. कांड्या भरतात बाया, आणि कांड्यांचे पैसे मोजून घेतो नवरा. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये निघाले. त्या वेळी आपल्या गल्लीतल्या बाया स्वतःच्या नावाचं खातं म्हणून पहिल्यांदा बँकेत शिरल्या. मताच्या राजकारणासाठी पैसे आले, हे मी जाणतो. तरी त्या रांगेत मी काही बायांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते कुठल्या सभेत पाहिलं नव्हतं. आणि त्याच ऑगस्टमध्ये काही बँकांनी जुना दंड त्याच पैशातून कापला अशी ओरड झाली! दंड कापून खातं उण्यात न्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. म्हणून मी पहिलं माप दंडाचं सांगितलं. ज्या कार्यकर्त्याच्या घरात आईचं, बायकोचं, बहिणीचं स्वतःचं खातं नाही, त्याने स्त्रीमुक्तीवर बोलण्याआधी तिला घेऊन बँकेत जावं.

कॉलेजातल्या पोरांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. शिष्यवृत्ती, स्वाधारचे पैसे आता सरळ खात्यात येतात. फॉर्म मंजूर दिसतो, पैसे दिसत नाहीत, आणि आपण समाजकल्याणच्या नावाने शिव्या देत बसतो. शिव्या देण्याआधी बँकेत विचारा : माझं आधार या खात्याला सरकारी पैशासाठी जोडलंय का? नुसता आधार नंबर खात्याला दिलेला असणं वेगळं, सरकारी रकमेसाठी जोडलेलं असणं वेगळं. दोन खाती असली तर पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. हे एवढं कळलं नाही म्हणून पोरं वर्ष बुडवतात.

आता सगळ्यात कडू गोष्ट. खातं निघालं म्हणजे काम संपत नाही. काही कारखान्यांत शेठच कामगारांना घाऊक बँकेत नेतो, खाती काढतो, आणि कार्डं स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. कागदावर पुरा पगार जातो, कार्डाने अर्धा परत निघतो. हा मुकादमाच्या चिठोरीचाच नवा अवतार, आणि जास्त विषारी. कारण आता वहीच खोटी साक्ष देते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत गरिबांच्या जनधन खात्यांत दुसऱ्यांचे पैसे भरले गेले ते असेच. अन् हल्ली तर आपल्या पोरांना गाठून दोन-पाच हजार देतात. खातं काढ, कार्ड, पिन आणि सिम आम्हाला दे. त्या खात्यातून कुणाची तरी फसवणूक होते. पोलीस येतात ते ज्याचं नाव वहीत आहे त्याच्या दारात. आपल्या नावावर शतकानुशतकं डाग लावले गेले. आता आपणच नाव भाड्याने द्यायचं? कार्ड आपल्या खिशात, पिन आपल्या डोक्यात, सिम आपल्या फोनमध्ये. चौथा माणूस नको. नवरा नको, पुढारी नको, शेठ तर नकोच.

आणि पुढारी म्हटलं की आपल्या घरातलंही बोलू. जयंतीची वर्गणी कुठं जाते? मंडळाच्या नावावर खातं आहे का? की अध्यक्षाच्या फोनवरचा स्कॅनर फिरवतो आपण? मजुराने अर्ध्या दिवसाच्या कमाईचे पन्नास रुपये त्या स्कॅनरवर टाकायचे, आणि डीजेचं बिल किती, पुस्तकांना किती, हे विचारलं की समाजात फूट पाडतो म्हणायचं. शेठची चिठोरी त्याच्या खिशात म्हणून बोंब मारणाऱ्यांनो, तुमची चिठोरी कुणाच्या खिशात आहे? मंडळ नोंदवा. मंडळाच्या नावाने ठराव करून खातं काढा. दोघांच्या सह्यांशिवाय पैसा निघणार नाही अशी अट घाला. १५ एप्रिलला पासबुकाची छापील पानं विहाराच्या भिंतीवर लावा. जो तयार होत नाही त्याला पुढच्या वर्षी वर्गणी देऊ नका.

शेठ लोक अफवा पसरवतात : खात्यात पगार आला की टॅक्स लागेल, रेशन बंद होईल. मागवाल्याच्या मजुरीवर आयकर बसत नाही, आणि खातं काढल्याने कुणाला कर लागत नाही. भीती टॅक्सची खरीच आहे, पण ती कुणाला आहे ते ओळखा. पूर्वी खात्यात पगार टाकायला कामगाराची लेखी संमती लागायची. २०१७ च्या दुरुस्तीने ती अट गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत मालकाने पगाराची चिठ्ठी द्यावी असंही लिहिलं आहे. या कामगार संहितांशी माझं भांडण आहे आणि ते मी वेगळं मांडीन. पण शत्रूच्या हत्यारात आपल्या कामाची मूठ असेल तर ती धरायची. शेठला आडकाठी कायद्याची नाही, नियतीची आहे.

मग करायचं काय? दर रविवारी विहारात एक टेबल मांडा. एक फॉर्म भरणारा, एक कागद तपासणारा. सोमवारी दहा जणांना घेऊन शाखेत जा. एकट्याला शिपाई अडवतो, दहांना अडवत नाही. नकार आला तर लेखी मागा. तक्रार आधी बँकेकडेच लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पैसा लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन लावला तर वाट सांगतात. टेबलावर फक्त आपलीच माणसं बसवू नका. शेजारच्या मागावर आझमगडचा अन्सारी आहे, पद्मानगरचा तेलुगू विणकर आहे. चिठोरी त्यालाही मिळत नाही. दोन दंगली, १९७० ची आणि १९८४ ची, या गावाने पाहिल्या. एका रांगेत उभं राहायला ही माणसं शिकली तर तिसरी पेटवणाऱ्याला अवघड जाईल.

आणि खाती निघाली की खरी लढाई सुरू. एका कारखान्यातले सगळे मिळून एका पंधरवड्याला सांगा : नोटा नकोत, खात्यात टाका. एकट्याने सांगितलंत तर काम जाईल. सगळ्यांनी सांगितलंत तर माग बंद पडतील, आणि बंद माग शेठला परवडत नाही.

आपल्या बापजाद्यांनी कष्ट केले आणि त्यांचं माप दुसऱ्यांनी ठरवलं. आपण कष्ट करतो आहोत. निदान माप तरी आपल्या वहीत, आपल्या नावावर, आपल्या डोळ्यांसमोर लिहिलं जाऊ द्या.

शेठ, मजुरी लिही! आणि लिहिलेलं आमच्याकडे दे.